सासऱ्यांचा चेनसॉ

नाही, नाही, माझं म्हणणं नीट ऐका, बंदच असतं ना ते मशीन, ठार बंद, तर मी एक अक्षर बोललो नसतो! बंद वस्तूचं एक बरं असतं, भंगारात देऊन मोकळं होता येतं. पण हे चालू होतं हो! दोरी ओढली की दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला असं काही खणखणीत चालू होतं, की वाटतं आता झाड काय, अख्खं जंगल आडवं करेल… आणि साखळी सालीत शिरून जरा भुसा उडायला लागला, की घुर्र… घुर्र… फट्. खलास! चालू होतं, टिकत नाही!

कसलं मशीन म्हणता? चेनसॉ हो, लाकूड कापायचा! सासऱ्यांचा. मला काय लाकडं कापायची हौस आली होती? तुम्हाला सांगतो, आदल्या दिवशी वादळ झालं आणि रस्त्याकडेचं ते थोराड झाड, पडायला एवढी जागा मोकळी असताना, बरोब्बर आमच्या फाटकात आडवं! धडधाकट माणूस फांद्या धरून कसाबसा ओलांडेल, पण स्ट्रेचर कुठून नेणार? कारण दुसऱ्याच दिवशी माझी आई दवाखान्यातून घरी यायची होती. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, पाय जरासुद्धा हलवायचा नाही. तिकडे रोज एकच धोशा, "मला घरी ने रे, इथं डोळ्याला डोळा लागत नाही." आणि एकदा तर माझा हात घट्ट धरून हळूच विचारलंन, "घर बघीन ना रे मी परत?" आता अशा बाईला काय सांगू, थांब, दारात झाड आहे? पालिकेत फोन केला, तर तिथला मख्खपणे म्हणतो, "सगळीकडेच झाडं पडलीयत साहेब, सवडीनं येऊ." सवडीनं!

तेवढ्यात आले आमचे सासरे. काखेत चादरीत गुंडाळलेला चेनसॉ. "जावईबापू, मी असताना काळजी कशाला? माझ्या हाताखाली या मशीननं कधी कुरकुर केली नाही." बरं, मग करा की! तर म्हणे, "माझा खांदा दुखतो, तुम्ही ओढा दोरी." आणि स्वतः खुर्ची मागवून, सावली बघून, झाडासमोर बसले.

ओढली दोरी. चालू झालं, बंद पडलं. झाकण उघडून पेट्रोल बघितलं, काठोकाठ. झाकण लावलं, दोरी ओढली, चालू झालं, बंद पडलं! सासरे म्हणतात, "चोक कमी करा." केला. "आता जास्त करा." केला. "नाही, पहिलाच बरोबर होता." अहो, काय चाललंय काय! बायको दारातून मोबाइल नाचवत आली, "अहो, यात दाखवतायत, प्लग बघा." प्लग काढला, घासला, पुसला, लावला. चालू झालं, बंद पडलं. "अहो, एअर फिल्टर." फिल्टर धुतला, वाळवला. बंद पडलं! दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो तोंडात काहीतरी चघळत म्हणतो, "पेट्रोल शिळं असंल." पेट्रोल काय भाकरी आहे शिळं व्हायला? तरी बदललं! ऑइल मापून मिसळून नवं भरलं. तर पुन्हा तेच. चालू होतं, टिकत नाही!

हाताला फोड आले, अंगाचा नुसता तिळपापड झालेला, आणि सासरे खुर्चीतून शांतपणे सांगतायत, "मशीनवर रागावू नये, त्याला कळतं." त्याला कळतं म्हणे! मला कळत नाही त्याचं काय?

आणि त्यात फाटकाबाहेर भोंगा! रुग्णवाहिका! झाड कापून होईतो थांब म्हणून कळवलं होतं, पण आईनं वाट बघितलीच नाही, दवाखान्यात हट्ट धरून निघून आली. खिडकीतून तिचा आवाज, "काय रे, अजून कापतोयस का?" ड्रायव्हर खाली उतरून म्हणतो, "साहेब, मला पुढचा पेशंट आहे. थोडा वेळ थांबतो, नाहीतर आजींना परत न्यावं लागेल." परत!

दातओठ खात पुन्हा झाकण उघडलं, तर 'फुस्स' झालं. आणि डोक्यात प्रकाश पडला, की अरे, हे प्रत्येक वेळी होतंय! झाकण उघडलं की हवा आत घेतं आणि मग जरा वेळ चालतं. झाकण उलटं करून बघतो, तर हवेचं बारीक भोक असतं ना, त्यावर हा एवढा मोठा लांबीचा, काचा बसवायच्या त्या पुट्टीचा, गोळा! दगडासारखा घट्ट. मशीनचं नाक दाबलेलं हो! खिळ्यानं तो गोळा फोडला, झाकण लावलं, दोरी ओढली… आणि चाललं! टिकलं! एक काप, दुसरा काप, मधला ओंडका धाडकन खाली! ड्रायव्हरनं नि बायकोनं तो ढकलत बाजूला नेला, स्ट्रेचर खाली उतरलं, आणि मी ऐटीत मशीनचा खटका दाबला.

बंद होईना.

पुन्हा दाबला. उलटा दाबला, सुलटा दाबला. हातात नुसता थरथराट. तर सासरे कानाशी येऊन ओरडतायत, "खटका बिघडलाय तो! म्हणून तर मी भोक बुजवलं होतं! आपोआप बंद पडतं, झाकण उघडायचं, पुन्हा चालू करायचं. फार सोयीचं होतं!" मी म्हटलं, "मग सकाळपासून सांगितलं का नाहीत?" तर म्हणतात, "तुम्ही विचारलंत कुठं?"

सासरेच ते! शेजारी बायको उभी! भांडण नंतर, आधी मशीन! मशीन बंद पडावं म्हणून चोक ओढायला गेलो, तर त्याची खुंटीच हातात आली. "अंगठा लावा, भोकावर अंगठा लावा!" लावला. आणि तुम्हाला सांगतो, माझी आई, जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, ती माझ्यासमोरून घरात चाललीय, डोळे भरलेत तिचे, हात हलवून मला काहीतरी म्हणतेय, आणि मी झाकणावर अंगठा दाबून उभा! एक शब्द ऐकू येईना. ती आत गेली, दार लागलं, आणि मग… घुर्र… फट्.

धावत आत गेलो. आई तिच्या पलंगावर, पाठीला तिचीच उशी, चेहरा इतका निवांत! हातात चहा. समोर सासरे, त्यांना सांगतेय, "तुमचं मशीन होतं म्हणून आज मी घर बघितलं हो." सासरे मान डोलावतायत. मग मी दिसलो. केसात भुसा, हाताला फोड, अंगाला पेट्रोलचा वास. मला आपादमस्तक न्याहाळलंन आणि म्हणते कशी, "आलास? मी एवढी मरणाच्या दारातून घरी आले, आणि तुला बाहेर लाकडं कापायचं सुचतंय होय रे?"

केसातला भुसा झटकला आणि म्हटलं, "चुकलं आई."