साहेबाचं लाल मांस

शपथेवर सांगतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे त्या दिवशी मी अक्कलकोटला होतो, पण पाहिलंच म्हणा की!

गिरणीच्या गोऱ्या साहेबाकडे जेवायला पाहुणे होते. त्यानं खानसामा हुसेनचाचाला बैलाच्या पुठ्ठ्याचा तिकोनी तुकडा दिला. "निखाऱ्यावर भाज. आतून लाल दिसलं नाही, तर नोकरी गेली!"

चाचा शेगडीपाशी पुटपुटला, "मेहमानां कू कच्चा गोश्त खिलाऊं क्या? नक्को रे बाबा!"

त्यानं तुकडा पुरता भाजला आणि चिरा पाडून आत वाटलेली लाल मिरची भरली.

साहेबानं कापलं. आत लालभडक! खूश होऊन मोठा घास घेतला आणि धावत जाऊन घोड्याच्या बादलीला तोंड लावलं.

पण लाल तर त्यानंच मागितलं होतं. चाचाला काढणार कोणत्या तोंडानं?

यात खोटं एवढंच, की मी अक्कलकोटला होतो. मिरची मीच वाटली होती.