दामूला फुकट चालत नाय

आमच्या घनसोलीतला दामू, महापेला वॉचमन, लय ताठ मानूस. कुनाचा चहासुद्धा फुकट प्यायचा नाय. छातीत दुखायला लागलं तवा मी म्हनलं, "चल, पालिकेच्या हॉस्पिटलात फुकट बघतात."

"आपलं दुखनं आपन बघायचं. सरकारवर कशाला टाकायचं? पगार झाला की प्रायव्हेटला जाईन."

"तवर मेलास तर?"

"मरीन, पन फुकटात नाय."

पगाराच्या आधीच गेला. पालिकेची गाडी आली. आमी दामूला उचलून आत ठेवला. त्याचा मुलगा रडत रडत खिशात हात घालून ड्रायव्हरला म्हनला, "काका, किती द्यायचे?"

"काय नाय. फुकट हाय."

मी ड्रायव्हरचा हात धरला. "हलू बोल, बाबा. दामूनं ऐकलं तर खाली उतरंल."