मशीनमधल्या बाईला दिलेलं उत्तर

आटपाट केदारखेडा होतं. तिथं एक बडबड्या म्हातारा अन् त्याची म्हातारी राहायची. म्हातारी मीच, अन् बडबडे आमचे मालक. कुणी बोललं अन् यांनी उत्तर दिलं न्हाई, असं कधी झालंच न्हाई.

मालकांचं पोट दुखू लागलं म्हणून जालन्याला स्कॅन काढायला गेल्तो. फोटो काढणारा हळूच म्हणला, "लिव्हरवर डाग दिसून राह्यला." मी देवाला हात जोडले. मालकांनी तर तिथंच शेताची वाटणी सांगायला सुरुवात केली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. फोटो निरखून म्हणल्या, "लिव्हरची कड दोन-दोन दिसती. बाबा, मशीनमध्ये श्वास रोखला होता ना?"

"बराबर रोखला! मशीनमधली बाई म्हणली, 'सांस रोको.' मी म्हणलं, 'रोखला, बाई.' तिनं परत सांगितलं, मी म्हणलं, 'रोखलाय, तुम्ही घोर करू नका.'"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो बाबा, तो नुसता रेकॉर्ड केलेला आवाज आहे, अन् बोलताना श्वास सुटतो! लिव्हर खालीवर झालं, म्हणून हा खोटा डाग उठला."

"पण बाईमाणूस इतकं सांगून राह्यलं, गप कसं बसावं?"

मंग मीच दम दिला, "आता तोंड उघडलं तर माझी आण हाय!"

परत फोटो काढला. लिव्हर साफ, पोटात निस्ता गॅस.

असा आमच्या घराला देव पावला. मालक वाचले, अन् लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बाई बोलली अन् ते गप ऐकून राह्यले, हे मी मशीनच्या खोलीबाहेर उभी राहून काचेतून माझ्या डोळ्यांनी पाहिलं.