खिळ्याला हात लावू नये

—मान हलवू नका. वस्तरा गळ्याशी आहे, तुम्ही बोलायचं नाही, मी बोलायचं, एकतीस वर्षं या फुटपाथवर असंच चाललंय. रविवारी कार्यक्रम आहे म्हणालात ना, म्हणजे लग्नच असणार, नीट करून देतो. आरसा? तो बघा, झाडाला टेकवलाय, त्यात तुम्हाला तुमचे गुडघे दिसतील. गिऱ्हाईक कुरकुरतं, थिनकाका, चेहरा कुठे बघायचा—मी म्हणतो, चेहरा माझ्या हातात आहे, तू कशाला बघतोस. आधी आरसा भिंतीवरच होता, त्या खिळ्याला. तोच, काचेच्या पेटीतला. पाटी वाचलीत? 'खिळ्याला हात लावू नये.' कुणाच्या खिळ्याला? माझ्या. मी ठोकलेल्या. कुणाला सांगू नका—सांगाल कसे म्हणा, तोंडभर साबण आहे.

झालं काय, दोन वर्षांपूर्वी जुन्या भिंती मोजणारा एक सरकारी माणूस आला. ही पिवळी भिंत फ्रेंचांच्या काळातली म्हणे. अख्ख्या हनोईत तिचं कौतुक असेल, आम्हाला ती कामापुरती—सकाळी बायका तिच्यासमोर कवायत करतात, दुपारी बॅडमिंटनचं जाळं बांधतात, आणि आमची थोआ, ती बघा, बर्फाचा चहा विकतेय ती, बायको माझी, ती आपली छत्री भिंतीच्या गजाला बांधते. त्या माणसाने विचारलं, हा खिळा कुणी ठोकला? मला वाटलं, आता दंड होणार. उचलली जीभ लावली टाळ्याला—म्हटलं, साहेब, माझ्या आधीपासून आहे. किती आधीपासून? म्हटलं, खूप. कशासाठी? आता खिळा कशासाठी असतो? म्हटलं, कुणी टोपी अडकवत असेल. कोणत्या रंगाची? माणसाने विचारायचं तरी किती. माझ्या डोक्यावर तेव्हा तपकिरी टोपी होती, म्हटलं, तपकिरी. त्याने लिहून घेतलं. तीन महिन्यांत पाटी लागली—फ्रेंचांशी लढताना एक अनाम निरोप्या आपली तपकिरी टोपी इथे अडकवी, टोपी दिसली की रस्ता सुरक्षित. आणि खिळा वाकडा आहे ना, तो शत्रूच्या बंदुकीच्या दस्त्याने वाकला म्हणे. अहो, हातोडी नव्हती म्हणून मी तो इस्त्रीने ठोकला. थोआ शेजारी उभी राहून म्हणत होती, वाकडा जातोय, वाकडा जातोय. अजून म्हणते.

हसू नका, कापेल. तर मग फुलं आली, शाळेच्या सहली आल्या, एक बँडही येऊन गेला. मीसुद्धा सलाम करायचो, शेजारी उभा राहून करतोस काय दुसरं. पण आता रविवारी इथे दगडी चौथरा करायचा मुहूर्त आहे, आणि पाच मीटरच्या आत धंदा बंद. माझी खुर्ची दोन मीटरवर, थोआची स्टुलं चारवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. म्हटलं, बस झालं, वॉर्ड कचेरीत जाऊन खरं सांगायचं. दंड करा, पण जागा राहू द्या. पुरावा आहे माझ्याकडे—हे बघा, त्याच पुडीतले दोन खिळे, तसलेच चपट्या डोक्याचे. उद्या जातो. थोआला शब्द दिलाय.

मग इतके दिवस का गेलो नाही? थोआही हेच विचारते. एक म्हातारी येते हो. नाम दिन्ह गावाहून, बसने, दर महिन्याला. ती सहा वर्षांची होती तेव्हा बाप घरातून बाहेर पडला, डोक्यावर तपकिरी टोपी, तो परत आलाच नाही. थडगं नाही, फोटो नाही, काही नाही. तिने पाटी वाचली आणि तिला बाप सापडला. मी एकदा म्हटलं, आजी, तेव्हा अर्ध्या गावाच्या टोप्या तपकिरी असतील. ती म्हणाली, असतील, पण खिळा एकच आहे. केळीच्या पानातला चिकट भात ठेवते खिळ्याखाली, घटकाभर बसते, त्याला घरातल्या गोष्टी सांगते. नातवाचं कॉलेज, गुडघ्यांचं दुखणं. इस्त्रीने ठोकलेल्या खिळ्याला. मला फार वाईट वाटतं, पण माझं पोट याच भिंतीवर आहे, तिचं काय, ती—

काय झालं? साबण गेला का डोळ्यात? थांबा, पुसतो. बोला, वस्तरा बाजूला घेतला.

कुठून आलात म्हणालात? नाम दिन्हहून.

आणि रविवारचा कार्यक्रम म्हणजे—हाच. आईला घेऊन येणार म्हणून दाढी-केस करायला बसलात. बरं. बरं.

हे बघा भाऊ, मी बडबड्या माणूस आहे, गिऱ्हाईक कंटाळू नये म्हणून काहीही रचून सांगतो, हवं त्याला विचारा. खिळा माझा नाही. मी आलो तेव्हा तो होताच, वाकडाच होता. हे दोन? हे खुर्चीचे आहेत. होते. बघा, टाकले गटारात, कशाला ठेवायचे गंजके. त्यांना आठ वाजता आणा, नऊनंतर भिंतीवर ऊन येतं. इथे खुर्ची नसेल, तेव्हा त्यांना खिळ्याच्या अगदी जवळ बसता येईल. आणि घरी यातलं काही बोलू नका.

झालं. उठा आता. कानामागे जरा राहिलंय, ते आईला दिसणार नाही.

थोआ, छत्री सोड.