वीतभर वायर

...आता मले सांगा, माणसानं वायर मागितली त दुकानदारानं वायर द्यावी का परीक्षा घ्यावी? महाल भागातला तो दुकानदार मले विचारते, "भाऊ, किती जाडीची? आत एक तार का बारीक तारा? अँपिअर किती जाईन?" मी म्हटलं, बाप्पा, मी विमा ऑफिसातला माणूस, मले काय माहीत किती जाईन, मले बायकोनं पाठवलं. वीतभर वायर पाहिजे. वीतभर, तुम्हाले सांगतो, एवढी.

आता बायकोले वायर काहून पाहिजे? त त्याचं असं आहे, आमच्या सासूबाई, प्रेमलताबाई, दिवाळीच्या आधी गेल्या, अन् मामाजी, म्हणजे आमचे सासरे, आमच्याकडे राहाले आले. सोबत एक बॅग अन् टेम्पोत घातलेली त्यांची जुनी फटफटी. फटफटीवर चादर टाकली अन् मामाजी जे भिंतीकडे तोंड करून झोपले ते झोपलेच. जेवता का? हूं. चहा घेता का? हूं. दिवसभरात दुसरा शब्द नाही. आमची बायको, भैरवी, म्हणे, "गाडी चालू करू. आवाज ऐकून तरी उठतील." बापासोबत पाने-पक्कड घेऊनच वाढलेली ती, तिनं कार्बोरेटर खोलून साफ केलं, नव्या बॅटऱ्या आणल्या. बॅटऱ्या दोन बरं का, सहा-सहा व्होल्टच्या, शेजारी-शेजारी बसतात, अन् दोघींचे मिळून बारा व्हावे म्हणून मधात एक वायर लागते. जुनी हिरवी पडून कुजली होती. तेवढी आणाले मी गेलो. वीतभर.

मी काय केलं, दिसाले चांगली दिसली ती घेतली. घरच्या फिटिंगची, आत एकच तांब्याची तार, चकचकीत, जशी वाकवली तशीच राहते, एकदम शिस्तीची. लावली, अन् गाडी चालू झाली नं. मामाजी काही उठले नाही. भैरवी म्हणे, चक्कर मारून पाहू. ती पुढे, मी मागे, काटोल नाक्याच्या पुढे गेलो अन् फट... फट... बंद. सीट काढून पाहतो त वायर मधातून तुटलेली, हादरून हादरून. मग तिनं हँडल धरलं अन् मी मागून ढकलून राहिलो, अन् येणारा-जाणारा थांबून विचारते, "काहून गा, पेट्रोल संपलं?" आता कोणाकोणाले सांगू, की नाही गा, वीतभर वायर...

घरी आलो त शेजारचे धम्मानंदभाऊ फाटकातच उभे. वीज कंपनीतून रिटायर झालेले. तुटलेली वायर पाहून म्हणे, "उन्मेषभाऊ, पातळ वायरचा भरवसा नाही, जाड लावा." अन् घरून केबल घेऊन आले, खांबावरून मीटरले येते तशी, अंगठ्याएवढी. दोघांनी धरून वाकवली, कशीबशी बसवली, त वरून सीट बसेना. मी सीट दाबाले म्हणून वर बसलो त एका बाजूनं घसरून राहिलो. भैरवी म्हणे, "भाऊ, याच्यावर अख्ख्या कॉलनीचे दिवे चालतीन, गाडी नाही चालाची." ते म्हणे, "पण ताई, वायर त तुटणार नाही नं?" "सीट तुटीन नं पण!" वीतभर वायरीसाठी आवाज कुठल्या कुठं गेले, अन् तेवढ्यात आतून खाट वाजली.

बनियनवर मामाजी बाहेर आले. त्यांनी केबलकडे पाहिलं. "हे काय, म्हैस बांधाले आणलं?"

मग हळूच उकिडवे बसले. "काहून वं भैरवी, तुले शिकवलं होतं न मी? आत बारीक तारा पाहिजे, भरपूर, म्हणजे हादरे बसले तरी लवते. जाडी पेन्सिलीएवढी, बस. दोन्ही टोकाले थिंबल, ती तांब्याची टोपी, दाबाची, पक्की." बॅटरीवर हात ठेवला. "कुहीच्या रस्त्यावर अशीच तुटली होती. तुझी आई धानाच्या बांधावर जाऊन बसली. म्हणे, होऊ द्या सावकाश, इथं हवा चांगली आहे."

सासूबाई गेल्यापासून त्यांच्या तोंडून ती पहिली गोष्ट. भैरवी पुसलेलीच पक्कड पुसत राहिली. धम्मानंदभाऊनं केबल गुंडाळून बगलेत घेतली. मी सीटवरून उतरलो, दुसरं काय करू?

मग मामाजी सदरा घालून स्वतः दुकानात आले. दुकानदार विचारते, "बाबाजी, अँपिअर?" मामाजी म्हणे, "तू आधी वायर दाखव." बोटावर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली, घेतली. अन् मी तिथं उभा, थैली धरून. वीतभर वायरीची थैली.

लावली. एका किकमध्ये गाडी चालू. मामाजी पुढे बसले, म्हणे, "बस वं भैरवी," अन् दोघं गेले. मले वाटलं, चौकातून वळून येतील. चहा ठेवला. चहा निवला. मग फोन, "अहो, आम्ही काटोलले आहो. बाबा भाजी-पुरी खाऊन राहिले, दुसरी प्लेट. अन् त्यांनी संत्री घेतली, जरा जास्तच घेतली, गाडीवर मावून नाही राहिली. तुम्ही बसनं या अन् पेट्या घेऊन जा."

म्हणून मी हा इथं, तुमच्यासोबत, स्टँडवर. काटोलची गाडी इथंच लागते नं? अन् येताना पेट्या सीटवर ठेवू देतात का? नाही, मी राहीन उभा.