बाबांची रिंग, आईची अडणी

रिटायर झालेली माणसं सुपारीची बाग बघतात, आमच्या बाबांनी इंग्लंडची जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार आणली! श्रीवर्धनात सगळे बघायला आले. फक्त हेडलाइटभोवतीच्या चकचकीत रिंगा नव्हत्या. आई म्हणाली, "नुसती डोळे वटारून बघतेय मेली. आधी तिच्या रिंगा बसवा, मग मी हरिहरेश्वरला येते."

रिंगा मागवल्या, त्या पार्सलात पिळवटून आल्या. वरची कड अडकवली की खालची निसटायची. बाबा सकाळभर दाबत होते आणि चिडत होते. शेवटी दोन्ही रिंगा ओटीवर फेकून आंघोळीला गेले. येऊन बघतात तर एक गायब! सगळं घर शोधलं.

जेवायला बसलो. आईने वाढायला भाताचं पातेलं उचललं आणि बाबा ओरडले, "अगं, ही माझी रिंग!"

"तुम्ही फेकलीत ना? मला वाटलं, बाद झाली. अडणी म्हणून झकास आहे हो, पातेलं जराही हलत नाही."

बाबा रिंग घेऊन तसेच पानावरून उठून गाडीकडे धावले. वरची कड अडकवली, खालून तळव्याने दाबलं. टक्! बसली! जड पातेल्याखाली तिचा पीळ गेला होता.

दुसरी मात्र काही केल्या बसेना. थोड्या वेळाने बाबा ती घेऊन आत आले, आईसमोर धरली आणि एकदम गोड आवाजात म्हणाले, "अगं, अजून एक पातेलं भात टाकतेस का? उद्या हरिहरेश्वरला निघायचंय ना आपल्याला?"