त्या फोटोतला हात

आयाबायांनो, वडीलधाऱ्यांनो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या लेकरांनो,

माईक नको म्हणत होतो मी. सुमनबाईंबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मला नुसतं चांगलं बोलून खाली बसता येणार नाही.

बाई परवा गेल्या. आपल्या या शाळेत त्या दरवर्षी पोरांची निवडणूक घेत. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तीच मतपेटी. आंबा, भोवरा, घागर ही चिन्हं. मत टाकलं की बोटाला शाई. एकदा एक पोरगा म्हणाला, "मी निवडून आलो तं रोज सुट्टी!" सगळा वर्ग त्याच्या मागं. बाई म्हणाल्या, "लेका, सुट्टी देणं तुह्या हातात आहे का? मग तू काय देऊन राह्यला?" पोरं हसली. मतं दुसरीकडं गेली.

मोठ्या माणसांना असं कोणी विचारलं असतं तर?

मग एका वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक आली. माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. शाई लावलेले लहान लेकरांचे हात. वर लिहिलेलं, "आपल्या गावात पोरांकडून बोगस मतदान." मी रोज मारुतीला दिवा लावतो. खोटं बोलणं पाप, हे मला ठाऊक होतं. पण पुढं पाठवणं हेही बोलणंच असतं, हे सुचलं नाही. मी गावाच्या ग्रुपवर तो टाकला.

दुसऱ्या दिवशी माणसं शाळेवर आली. मीही होतो त्यांच्यात. "मॅडम, कोणत्या पॅनलच्या तुम्ही?" कोणी तरी ओरडलं. बाई डबा दाखवत होत्या. डब्याकडं कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी माझी पल्लवी फोटो पाहून म्हणाली, "बाबा, हा तं माहा हात होय."

"कशावरून?"

"हा काळा धागा तुम्हीच तं बांधला."

मारुतीच्या देवळात मीच बांधला होता. माझ्याच लेकीचा हात मी ओळखला नाही, आणि गावभर फिरवला.

मी बाईंकडं गेलो. माफ करा म्हणालो. त्या वह्या तपासत होत्या. रागावल्या नाहीत. "मले काऊन सांगता, भाऊ? जिथं पाठवलं, तिथं सांगा."

हो म्हणालो. सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. लाज वाटायची. पुढच्या वर्षी पालक पोरांच्या निवडणुकीला नाही म्हणाले. डबा कपाटावर गेला. बाई आर्वीच्या बसला भेटायच्या, तेव्हा एवढंच विचारायच्या, "पल्लवी कशी आहे?" दुसरं काही नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी शेवटी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. फोटो खरा होता, पण शाळेतल्या पोरांच्या निवडणुकीचा; वरचं लिहिणं खोटं होतं, आणि ते मी पसरवलं. खाली काय आलं? हात जोडलेली चित्रं. "भावपूर्ण श्रद्धांजली." बाईंचं नाव दिसलं आणि लोकांनी हात जोडले. पुढचं कोणी वाचलंच नाही.

म्हणून इथं उभा आहे. तोंडानं सांगतो. बाईंची चूक नव्हती. चूक माझी होती. बाईंना हे ऐकायला मिळालं नाही. ते ओझं आता माझं.

तो डबा मी कपाटावरून काढून आणला आहे. बाईंच्या फोटोपुढं ठेवला आहे. आत जुन्या चिठ्ठ्या तशाच आहेत.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. बाईंसाठी. मोबाईल खिशात ठेवा. दोन मिनिटं झाली की बसायला हरकत नाही. पण पोरांची निवडणूक पुन्हा व्हावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी बसू नये.

मी उभाच राहणार आहे.